मसुरीच्या वरणाचे मोल

एसावने मसुरीच्या वरणासाठी आपला ज्येष्ठत्वाचा हक्क विकला, ही उत्पत्तीच्या २५ व्या अध्यायातील कथा आमच्या वाचकांना पाठ आहे. आम्हीही वर्षानुवर्षे एसावला खादाड ठरवून प्रवचन आटोपीत आलो. एकदा धर्मशिक्षणाच्या वर्गात एका मुलाने विचारले, "फादर, भाऊ भुकेला होता, मग याकोबने त्याला फुकट का नाही वाढले?" आम्हांला उत्तर देता आले नाही. कथा पुन्हा वाचली, तेव्हा ध्यानात आले की त्या मुलाचे वाचन आमच्याहून सावध होते.

अवघ्या सहा वचनांची ही कथा. पण निवेदकाचे शब्दभान विलक्षण आहे. रानातून थकून आलेला एसाव पदार्थाचे नावही घेत नाही. मूळ हिब्रूत तो 'तांबडे, तांबडे' एवढेच म्हणतो. खाण्यासाठी तो वापरतो ते क्रियापद जुन्या करारात अन्यत्र येत नाही. उत्तरकालीन हिब्रूत ते जनावरांना चारा भरविण्याविषयी आढळते. भांड्यात काय शिजत होते, हे निवेदक शपथ झाल्यावरच सांगतो: मसूर! मग खाणे, पिणे, उठणे, चालू लागणे अशी क्रियापदे धावत येतात. घटकेपूर्वी मरायला टेकलेला माणूस जेवून सरळ निघून जातो. भुकेला निवेदक दोष देत नाही. अखेरच्या क्रियापदात तो दोष ठेवतो तो हक्क तुच्छ मानण्यावर.

येथवर आमचे प्रवचन बरोबर होते. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या १२ व्या अध्यायातही एसावच दोषी आहे. परंतु याच २५ व्या अध्यायात, मुलांच्या जन्मापूर्वीच, वडील धाकट्याची सेवा करील असे देवाने रिबेकेला सांगितले होते. म्हणजे जे देणगी म्हणून मिळावयाचे होते, तेच याकोबने सौद्यात मिळविले. एकाला जेवणापुरता धीर नव्हता, दुसऱ्याला देवाच्या शब्दापुरता. त्या मुलाला आम्ही हे सांगावयास हवे होते.

हा दुसरा उतावीळपणा आम्हांला अधिक जवळचा वाटतो, कारण तो भक्तीच्या वेषात येतो. स्नानसंस्काराची तारीख लोक आधी हॉलवाल्याला विचारतात, मग आम्हांला. त्यावर आम्ही कुरकुरतो. पण नवस बोलून नवव्या दिवशी फळ मागणाऱ्याला आम्ही श्रद्धाळू म्हणतो. आणि मिस्सेत ख्रिस्तप्रसादानंतरच्या शांततेत घड्याळाकडे पाहणारे धर्मगुरू आम्हीच.

याकोबचा हिशेब ३३ व्या अध्यायात पुरा होतो. २० वर्षे परमुलखात राबून तो परततो. एसाव ४०० माणसांसह सामोरा येतो, धावत जाऊन भावाला मिठी मारतो आणि त्याने पुढे केलेली गुरेढोरे नाकारतो. माझ्यापाशी पुष्कळ आहे, म्हणतो. ज्येष्ठत्वाचा विषय कोणीच काढत नाही. याकोब मात्र आग्रह करतो. त्या वेळी तो जो शब्द उच्चारतो, त्याचे अनेक भाषांतरांत 'भेट' झाले आहे. मूळ शब्द आहे 'बेराखा', आशीर्वाद.