गावरान म्हणजे कुठल्या गावचं?

वाकडच्या भूमकर चौकातून हिंजवडीकडे निघालात की सिग्नल सुटेपर्यंत वाचायला भरपूर मजकूर मिळतो. 'अस्सल गावरान'. 'चुलीवरचं मटण'. 'आईच्या हातची चव'. 'रांगडी थाळी'. सिग्नल सुटायला किती वेळ लागतो हे रोज इथून जाणाऱ्यांना सांगायला नको, त्यामुळे हे सगळं पाठ होतं. मी अकरा वर्षं हे बोर्ड वाचतेय. सुरुवातीला ते वाचून भूक लागायची, मग काही वर्षं हसू यायचं. आता एकच प्रश्न पडतो : हे गावरान नेमकं कुठल्या गावचं?

कारण हे बोर्ड ज्या जमिनीवर उभे आहेत, ती गावंच आहेत. हिंजवडी, माण, मारुंजी. मुळशी तालुक्यातली, भाताची गावं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एमआयडीसीने इथे राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभं करायला घेतलं आणि बघता बघता फेज एक, दोन, तीन झाले. खाचरं गेली, टॉवर आले, मग मेट्रोचे खांब आले. पण गाव गेलेलं नाही. चैत्र पौर्णिमेला म्हातोबाचं बगाड आजही हिंजवडीहून वाकडला जातं, आणि ज्यांनी वर्षभर 'इथे गाव वगैरे काही उरलेलं नाही' असं म्हटलेलं असतं, ते त्या दिवशी वाहतुकीत अडकून गाव बघतात.

मग मेन्यूकार्डात हे गाव कुठे आहे?

अलीकडे एका शनिवारी ऑफिसातल्या सात-आठ जणांसोबत अशाच एका गावरान हॉटेलात गेले. नाव देत नाही, कारण नाव बदललं तरी पुढचं वर्णन बदलणार नाही. दारात बैलगाडीचं चाक. आत कंदील, त्यात एलईडीचे बल्ब. भिंतीवर वारली चित्रं. वारली म्हणजे डहाणू-पालघर. इथून पार दुसरं टोक. वेटर बाराबंदी आणि टोपीत, आणि ऑर्डर टॅबवर घेणारे. वेटरशी दोन वाक्यं बोलले तेव्हा कळलं, तो झारखंडचा. त्याचं काही नाही. तो काम नीट करत होता आणि रस्सा सांडायच्या आत वाटी उचलत होता. पण त्याला ती टोपी घालायला लावून हॉटेल मला काय सांगू पाहतंय, हे मला कळेना.

थाळी आली. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा कोल्हापूरचे. भरीत खानदेशचं. शेंगदाण्याची चटणी सोलापूरची. सोलकढी कोकणातली. एका ताटात आख्खा महाराष्ट्र, फक्त मुळशी सोडून.

चवीबद्दल बोलायचं तर पांढऱ्या रश्श्यावर थोडं थांबू, कारण तिथेच हॉटेल पकडलं जातं. पांढरा रस्सा म्हणजे मुळात मटण शिजवलेलं पाणी, अळणी. त्यात नारळाचं दूध, खसखस, तीळ, काजू यांचं वाटण. म्हणजे त्याचा जीव अळणीत असतो आणि बाकीचं त्याला अंग देतं. आमच्या वाटीत अंग होतं, जीव नव्हता. काजूची पेस्ट गरम पाण्यात सोडून वर मिरे भुरभुरवले की असाच पदार्थ होतो. त्यातही गंमत अशी की हा रस्सा 'अनलिमिटेड' होता आणि मटणाचे तुकडे चार. हे गणित चुकीचं नाही, हॉटेल चालवायचं तर असंच करावं लागतं. पण चार तुकड्यांच्या मटणातून अनलिमिटेड अळणी कुठून येणार? तो प्रश्न विचारायचा नसतो, वाटी पुढे करायची असते.

शाकाहारी मंडळींनी 'व्हेज कोल्हापुरी' मागवली. हा पदार्थ कोल्हापुरातल्या कुठल्याही घरात मी खाल्लेला नाही. तो हॉटेलच्या लाल ग्रेव्हीतून जन्मतो. मोठ्या किचनमध्ये सकाळीच दोन-तीन ग्रेव्ह्यांची पातेली तयार होतात : लाल, पांढरी, पिवळी. दिवसभर मेन्यूकार्डातली पन्नास नावं याच पातेल्यांतून निघतात. लालमध्ये तिखट वाढवलं की कोल्हापुरी, क्रीम सोडलं की मखनी. त्यामुळे मेन्यूकार्ड जितकं जाड, तितकी पातेली कमी, असा माझा अनुभव आहे.

भाकरी मात्र सुंदर होती. पातळ, पदर सुटलेली, तव्यावरून थेट ताटात. हे प्रामाणिकपणे लिहायला हवं, कारण तिथे खरोखर हात राबत होते. काचेपलीकडे दोन बायका नऊवारीत बसून भाकऱ्या थापत होत्या. आख्ख्या हॉटेलात दिसणाऱ्या कामगार बायका त्या दोनच. त्यांच्यासमोरची चूलही खरी होती, पेटलेली. मटण अर्थातच आत गॅसवर होतं. आतलं दार उघडलं की बर्नरचा आवाज येत होता. चूल भाकरीसाठी, कारण भाकरी करताना दिसतं. आमच्यातल्या एकीने रील केली. त्यातली एक बाई कॅमेरा बघून थांबली, पदर नीट केला, आणि पुन्हा थापायला लागली. 'ताई, जरा इकडे बघा ना,' असं कुणीतरी म्हणालं. तिने बघितलं नाही.

बिलासोबत एक क्यूआर कोड आला. पाच स्टार दिले तर गुलाबजाम फुकट. आम्ही दिले. मीही दिले. अळणीबद्दलचं वरचं सगळं मनात असूनही दिले.

हे सांगतेय कारण स्टार देण्याच्या बाबतीत माझा हिशेब आधीच थोडा वाईट आहे.

मी मूळची उदगीरची. पहिली नोकरी लागली तेव्हा फेज दोनजवळच्या एका पीजीत राहायचे आणि मारुंजी रस्त्यावरच्या एका खानावळीतून डबा यायचा. खानावळीत बसून जेवणारे बहुतेक मुलगेच, आम्ही मुली डबा घ्यायचो. चालवणाऱ्या काकू तिथल्याच, गावातल्या. पत्र्याची शेड, चार टेबलं, भिंतीवर खडूने लिहिलेला मेन्यू, एक वही. महिन्याचे पैसे आगाऊ. गावाला जायचं असेल तर आदल्या रात्री सांगायचं, म्हणजे वहीत खाडा पडायचा आणि तेवढे पैसे पुढच्या महिन्यात वळते व्हायचे. 'काय गं, परवापासून खाडा ना तुझा? मग आज दही घेऊन जा, उरायचं नाहीतर.' असं चालायचं. एकदा मी न सांगता तीन दिवस आले नाही, तर काकूंनी पीजीवर मुलगा पाठवून आजारी आहे का विचारलं होतं.

काकूंकडे भाताला काहीतरी झालेलं असायचं, असं मला वाटायचं. चिकट. शितं एकमेकांना धरलेली, डब्यातून काढताना गोळाच निघायचा. आमच्याकडे भात मोकळा लागतो, शीत न् शीत वेगळं. सोबत बरेचदा पावट्याची आमटी, जी मला ओळखीची नव्हती. तेव्हा नवीन फोन घेतला होता आणि गुगल मॅपवर रिव्ह्यू लिहिले की बॅज मिळायचे. मी लिहिलं : 'जेवण घरगुती. भात नेहमी चिकट असतो, लक्ष द्यायला हवं.' तीन स्टार.

मग आणखी दोघांनी भाताचंच लिहिलं. कदाचित माझं वाचून, कदाचित स्वतःचं. दीडेक महिन्यात डब्यात मोकळा भात यायला लागला. मला बरं वाटलं. ग्राहकाचं ऐकतात म्हणून मी एक स्टार वाढवलासुद्धा.

तो भात इंद्रायणी होता. हे मला तीन-चार वर्षांनी कामशेतच्या एका सहकाऱ्याने सांगितलं, हसत हसत. इंद्रायणी चिकटच होतो, तो तसाच असतो, म्हणून तर चांगला. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात १९८७ साली आंबेमोहोराच्या संकरातून तयार झालेला हा वाण. मावळ-मुळशीच्या पावसात, याच पट्ट्यातल्या खाचरांत वाढणारा. म्हणजे बैलगाडीचं चाक नाही, कंदील नाही, बोर्डावर 'गावरान' शब्दही नाही, अशा त्या पत्र्याच्या शेडमध्ये मी रोज या गावचं जेवत होते. आणि मी तो दोष म्हणून नोंदवला. काकूंनी कोलम आणायला सुरुवात केली.

गेल्या वर्षी बाणेरच्या एका कॅफेत 'मावळ इंद्रायणी बाउल' दिसला. मातीच्या वाडग्यात मूठभर भात, वर तूप, बाजूला लोणच्याची एक फोड. किंमत काकूंच्या आठवड्याच्या डब्याएवढी नसली तरी फार लांबही नव्हती. मी मागवला. भात छान चिकट होता.

२०२०च्या मार्चमध्ये कंपन्यांनी घरी पाठवलं तेव्हा खानावळीची वही कोरी झाली. नंतर लोक परतले, पण आठवड्यातून दोन-तीन दिवसच. इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे, जी खाण्याच्या रिव्ह्यूंमध्ये कधी येत नाही : खानावळ चवीवर कमी आणि महिन्यावर जास्त चालते. तीस दिवस, दोन वेळा, अमुक इतकी माणसं, म्हणून इतकं पीठ, इतके पावटे. आठवड्यात दोनच दिवस येणाऱ्या माणसाचा खाडा कसा धरायचा? त्याला हवं असतं आत्ता, एक प्लेट, फोनवरून. काकूंची जागा मॅपवर आज 'कायमचे बंद' दिसते. खाली माझा रिव्ह्यू आहे. चार स्टार.

त्या जागी आता नुसतं शटर आहे, अर्धं वर. पुढे डिलिव्हरीवाल्यांची रांग. आत बसायला जागा नाही, बोर्डही नाही. ॲपवर मात्र तिथून बिर्याणी, मोमो, 'देसी ढाबा' असं बरंच काही निघतं. तुम्हाला एक उद्योग सांगते. ॲपवर एखाद्या हॉटेलचं पान उघडा आणि पार तळाला जा. तिथे एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक असतो. बिलावरही तो छापावाच लागतो, १ जानेवारी २०२२पासून. आता शेजारच्या दुसऱ्या 'ब्रँड'चा क्रमांक बघा. मी एका रात्री भुकेल्या पोटी हा खेळ केला तेव्हा तीन वेगवेगळी नावं, तीन लोगो, तीन रेटिंग आणि क्रमांक एकच निघाला. बेकायदा काही नाही यात. पण आपण ज्यांच्यात तुलना करून ऑर्डर देतो, ती बहुधा एकाच पातेल्याची तीन नावं असतात, हे माहीत असलेलं बरं.

कुणी म्हणेल, मग काय, बाहेरच्यांनी इथे हॉटेलं काढूच नयेत? छे. पुणंच बघा. डेक्कनचं गुडलक १९३५ सालचं इराणी कॅफे. कर्नाटक किनाऱ्यावरून आलेले जगन्नाथ शेट्टी यांनी फर्ग्युसन रस्त्यावर 'वैशाली' उभं केलं. २०२३मध्ये ते गेले तेव्हा शहराने आपलं घरचं माणूस गेल्यासारखा शोक केला. त्या डोशाला पुणेरी नाही असं म्हणायची आज कुणाची छाती आहे? आणि पेठांतल्या जुन्या खानावळी तरी कुणासाठी निघाल्या होत्या? गावाकडून शिकायला, नोकरीला आलेल्या एकट्या मुलांसाठीच. माझ्यासारख्यांसाठी. बाहेरचं आतलं होतं, पण त्याला तीस-चाळीस वर्षं एका जागी राहावं लागतं. हिंजवडीत अकरा महिन्यांचा करार असतो आणि दर दोन वर्षांनी इंटिरिअर बदलतं.

म्हणून मला फेज एकमागच्या आंध्रा मेस त्या गावरान हॉटेलांपेक्षा जास्त खऱ्या वाटतात. तिथे कंदील नाही. केळीचं पान किंवा स्टीलचं ताट, पप्पू, गोंगुरा, रस्सम, पोडीवर तूप, आणि वाढणारा माणूस तुम्ही थांबा म्हणेपर्यंत भात घालतो. गुंटूरकडून आलेल्यांनी गुंटूरकडून आलेल्यांसाठी काढलेली जागा. ती स्वतःला गावरान म्हणवत नाही, कारण जेवणाऱ्याला गाव माहीत असतं. मराठी बोललात तर तुम्हाला तिखट कमी देतील, एवढाच तोटा.

मुळशीचं जेवण कुठे मिळेल असं विचाराल, तर मला सापडलेल्या जागा अगदी थोड्या आहेत. माणच्या पुढे रस्ता अरुंद होतो तिथे घराच्या ओट्यावर चालणारी एक खानावळ आहे. बिल्डिंगांच्या साइटवरचे सुपरवायझर तिथे जेवतात. तांदळाची भाकरी, पावट्याची आमटी, पावसात मिळाले तर खेकड्याचं कालवण आणि टाकळा-कुर्डूसारखी एखादी रानभाजी. मॅपवर ती नाही, आणि मी घालणारही नाही. मागच्या रविवारी गेले तर मावशी म्हणाल्या, 'भात कोलमचा देऊ का? तुम्हा कंपनीवाल्यांना तो आवडतो.'

मी म्हटलं, 'तुमच्यासाठी कुठला शिजलाय?'

'आमचा चिकट आहे.'

'तोच द्या.'