‘आमची’ म्हणजे कोणाची? मुंबई दूरदर्शन केंद्राचे मराठी कार्यक्रम आणि नगर जिल्ह्यातील प्रेक्षक

प्रस्तावना

मराठीमध्ये नाटकाची समीक्षा रुजली, चित्रपटाचीही बऱ्यापैकी रुजली. दूरचित्रवाणीच्या वाट्याला मात्र समीक्षेऐवजी आठवणीच अधिक आल्या. मुंबई दूरदर्शन केंद्राविषयी जे लेखन झाले आहे त्यातील बरेचसे लेखन त्या केंद्रात काम केलेल्या किंवा त्याच्या पडद्यावर झळकलेल्या मंडळींचे आहे. ते हृद्य आहे, उपयुक्तही आहे. परंतु ते पडद्याच्या आतल्या बाजूने लिहिलेले आहे. पडद्यासमोर बसलेल्या आणि तेही मुंबई-पुण्यापासून दूर असलेल्या प्रेक्षकाच्या बाजूने या केंद्राच्या कार्यक्रमांकडे पाहिल्यास काय दिसते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी नगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्हा समोर ठेवला आहे. ‘आमची माती आमची माणसं’ या कार्यक्रमाच्या नावातील ‘आमची’ हा शब्द या लेखाचा मुख्य विषय आहे.

केंद्र आणि त्याचा पल्ला

दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले. मुंबईला केंद्र मिळण्यास त्यानंतर तेरा वर्षे लागली. २ ऑक्टोबर १९७२ रोजी वरळी येथून मुंबई केंद्राचे प्रक्षेपण सुरू झाले आणि १९७३ मध्ये सिंहगडावरील सहक्षेपण यंत्रणेमुळे ते पुणे परिसरात दिसू लागले.

ही तारीख नगर जिल्ह्याच्या संदर्भात वाचली की तिचा अर्थ बदलतो. १९७२ हे वर्ष येथे दूरदर्शनचे वर्ष म्हणून कोणाच्याही स्मरणात नाही, ते दुष्काळाचे वर्ष आहे. मुंबईत पहिले कार्यक्रम दिसू लागले तेव्हा पाथर्डी, जामखेड, कर्जत, पारनेर या तालुक्यांतील माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडत होती आणि सुकडीवर दिवस काढीत होती. हा केवळ कालगणनेचा योगायोग आहे, त्यात कोणाचा दोष नाही. तथापि प्रादेशिक म्हणविणाऱ्या केंद्राचा प्रारंभ आणि त्या प्रदेशातील मोठ्या समूहाचा अनुभव यांच्यातील हे अंतर पुढे कितपत कमी झाले, हा प्रश्न त्यामुळे टाळता येत नाही.

प्रक्षेपण जिल्ह्यापर्यंत पोहोचण्याचा क्रमही लक्षात घेण्याजोगा आहे. १५ ऑगस्ट १९८२ रोजी राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत प्रक्षेपण यांचा आरंभ झाला. इन्सॅट-१ बी या उपग्रहामुळे १९८४ च्या सुमारास देशभर लघुशक्ती प्रक्षेपकांचे जाळे अत्यंत वेगाने पसरले. हे प्रक्षेपक मुख्यतः दिल्लीहून येणारे कार्यक्रम उपग्रहाद्वारे घेऊन पुढे पाठवीत. परिणामी महाराष्ट्रातील अनेक जिल्ह्यांच्या गावी दूरचित्रवाणी संच आधी हिंदीतून बोलू लागला. मुंबईची मराठी सेवा तेथे नियमितपणे पोहोचण्यास ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. ‘हम लोग’ (१९८४) गावाला माहीत होती, पण सत्तरच्या दशकातील ‘गजरा’ किंवा ‘चिमणराव’ ही नावे ऐकीव होती, असा अनुभव साठी ओलांडलेले लोक सांगतात तो यामुळेच. डॉ. पी. सी. जोशी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने याच काळात दूरदर्शनच्या दिल्लीकेंद्री स्वरूपावर कठोर टीका केली होती. त्या टीकेला एक पुस्ती जोडणे आवश्यक वाटते. दिल्लीच्या तुलनेत प्रादेशिक ठरणारे मुंबई केंद्र नगर जिल्ह्याच्या तुलनेत पुन्हा केंद्रच होते.

कार्यक्रमांची भाषा

मुंबई केंद्राच्या पहिल्या दशकातील कार्यक्रमांचा दर्जा वादातीत आहे, हे आरंभीच मान्य केले पाहिजे. ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ या कार्यक्रमाने लेखक-कलावंतांना शांतपणे बोलू दिले. आजच्या मुलाखतींत ती शांतता शोधूनही सापडत नाही. विनायक चासकर यांच्या ‘गजरा’ने रंगभूमीवरील नटांना छोट्या पडद्याचे माप शिकविले. चिं. वि. जोशी यांच्या चिमणरावाला दिलीप प्रभावळकर यांनी आणि गुंड्याभाऊला बाळ कर्वे यांनी जे रूप दिले, ते मूळ कथा वाचतानाही आता डोळ्यांसमोरून हलत नाही. ‘ज्ञानदीप’ने तर गावोगावच्या प्रेक्षकांना मंडळांच्या रूपाने जोडण्याचा यत्न केला. १९७४ पासून प्रदीप भिडे यांनी वाचलेल्या सायंकाळच्या सातच्या बातम्यांनी प्रमाण मराठीच्या उच्चाराचा एक मानदंडच निर्माण केला.

या मानदंडाची किंमत कोणी मोजली, हा खरा प्रश्न आहे. हे कार्यक्रम मुंबई-पुण्याच्या रंगभूमीतून आणि साहित्यव्यवहारातून आले होते. त्यांचे घर पांढरपेशा होते, विनोद पांढरपेशा होता आणि भाषाही. आणि हे सारे घडत होते ते दशक मराठी साहित्यात नेमके उलट्या दिशेने चालले होते. रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ १९७१ मध्ये आली. ग्रामीण साहित्याची चळवळ ‘गावाविषयी कोण लिहितो आणि कोणत्या बोलीत’ हा प्रश्न विचारू लागली. अकोले तालुक्यातील धामणगावच्या दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. याच जिल्ह्यातील एका गावकुसाबाहेरचा आवाज पुस्तकात आला, मराठी वाचकाला त्याने अस्वस्थ केले; मात्र केंद्राच्या कार्यक्रमांची घडण त्याने फारशी बदलली असे दिसत नाही. साहित्याने जो प्रश्न सोडविला नसला तरी निदान विचारला, तो दूरदर्शनने विचारलाही नाही, असे म्हणावे लागते.

अपवाद एकाच कार्यक्रमाचा. ‘आमची माती आमची माणसं’ हा शेतीविषयक कार्यक्रम नागर प्रेक्षकांच्या दृष्टीने चेष्टेचा विषय होता. त्यातील खतांची आणि फवारणीची चर्चा सुरू झाली की शहरी घरांत चहाला उठण्याची वेळ होई. समीक्षकांनीही त्याची दखल घेतली नाही, कारण त्यात ‘कला’ नव्हती. परंतु प्रमाण भाषेचे राज्य असलेल्या या पडद्यावर आपल्या बोलीत, आपल्या टोपीसह, कॅमेऱ्याकडे पाहावे की प्रश्नकर्त्याकडे या संभ्रमात असलेला माणूस याच कार्यक्रमात दिसत असे. तो अडखळे, मध्येच थांबे, ‘आमच्याकडं तसं नाय’ असे म्हणून तज्ज्ञाला विरोध करी. त्याच्या वाक्याला संपादकाची कात्री फारशी लागत नसे. ती संथ गती निर्मितिमूल्यांच्या अभावातून आली असेलही, पण तिने माणसाला वाक्य पुरे करू दिले.

मात्र ही ‘माणसं’ कोणती? कृषी विद्यापीठातील तज्ज्ञ, सुधारित बियाणे, रोगनियंत्रण, ठिबक, फळबाग हा या कार्यक्रमाचा गाभा. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ पासून याच जिल्ह्यात आहे आणि त्याचे संशोधन शेतकऱ्यापर्यंत नेण्यास असा कार्यक्रम अत्यंत सोयीचा होता. प्रवरेच्या आणि मुळेच्या कालव्यांखालील शेतकऱ्याला, ज्याच्याकडे जमीन आहे, पाणी आहे आणि सायंकाळी संचासमोर बसण्याइतके स्थैर्य आहे, त्याला हे सारे लागू पडे. ज्या लोणीच्या माळावर १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्या उत्तर भागाचे ‘आमची’ या शब्दात स्थान निश्चित होते.

दक्षिणेकडील पाथर्डीच्या ऊसतोड मजुराचे काय? दसरा-दिवाळीनंतर तो कुटुंबासह कारखान्याच्या पट्ट्यात जातो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततो. त्या कोपीत वीज नव्हती, मग संच कोठून असणार? पण प्रश्न केवळ संचाचा नाही. केंद्राच्या वेळापत्रकात शेतकऱ्यांसाठी ‘आमची माती आमची माणसं’ होते आणि कामगारांसाठी ‘कामगार विश्व’. पहिल्यातील माणूस जमीनधारक, दुसऱ्यातील माणूस गिरणीचा किंवा कारखान्याचा हजेरीपटावरचा कामगार. ऊसतोड मजूर अर्धा शेतकरी आणि अर्धा कामगार असल्यामुळे दोन्ही चौकटींच्या फटीत पडला. दुष्काळात खडी फोडणारी बाई तर तिसऱ्या चौकटीत, म्हणजे गृहिणींसाठीच्या कार्यक्रमांत, ‘सुंदर माझं घर’ पाहणारी म्हणून गृहीत धरली गेली असावी! प्रेक्षकांचे असे गट पाडणे ही प्रशासनाची सोय असते. परंतु तीच समाजाची प्रतिमा होऊन बसते, हा या माध्यमाचा धर्म आहे.

याहून वेगळे काही शक्य होते काय? गुजरातमधील खेडा जिल्ह्यात १९७५ पासून पीज येथील छोट्या प्रक्षेपकावरून अहमदाबादच्या अंतराळ उपयोजन केंद्राने केवळ त्या जिल्ह्यासाठी कार्यक्रम केले. त्यांत गावकरीच पात्रे झाली, वेठ, मजुरी, अस्पृश्यता यांवर मालिका झाल्या. १९८४ मध्ये या प्रकल्पास युनेस्कोचा पुरस्कार मिळाला आणि पुढे तो गुंडाळण्यात आला. जिल्ह्याचे दूरचित्रवाणी केंद्र ही कल्पना आपल्या देशात तंत्रदृष्ट्या अशक्य नव्हती, एवढे यावरून सिद्ध होते.

खाजगी वाहिन्यांनंतर

१५ ऑगस्ट १९९४ रोजी मराठीसाठी उपग्रह वाहिनी आली आणि पुढे तिचे ‘सह्याद्री’ असे नामकरण झाले. १९९९ मध्ये ‘अल्फा मराठी’ आणि २००० मध्ये ‘ई टीव्ही मराठी’ आली. ‘ई टीव्ही’ने जिल्ह्यांच्या बातम्यांना आवर्जून जागा दिली. गंमत अशी की नगरच्या बातम्या नगरला हैदराबादेतील रामोजी फिल्म सिटीतून ऐकू येत. मालिकांत गाव आले, वाडे आले, फेटेही आले. पण बोली ही आता विनोदासाठी किंवा खलनायकासाठी राखून ठेवलेली वस्तू झाली. अडखळणारा शेतकरी या निर्मितिमूल्यांत बसणारा नव्हता. २६ मे २०१५ रोजी शेतकऱ्यांसाठी ‘डीडी किसान’ ही स्वतंत्र वाहिनी निघाली, ती दिल्लीहून आणि हिंदीत. २०२२ पर्यंत दूरदर्शनचे बहुतेक अ‍ॅनलॉग प्रक्षेपक बंद झाले.

आज पाथर्डीचा मजूर उसाच्या फडातून स्वतःच मोबाइलवर चित्रण करून ते प्रसृत करतो. ‘आमची’ हा शब्द उच्चारण्यासाठी त्याला केंद्राच्या परवानगीची गरज उरलेली नाही. तथापि त्यामुळे जुन्या कार्यक्रमांच्या अभ्यासाची निकड कमी होत नाही, उलट वाढते. अडचण अशी की अभ्यासावे असे फारसे हाती नाही. त्या काळी चित्रफिती महाग असल्याने त्यांवरील कार्यक्रम पुसून त्या पुन्हा वापरल्या जात. जे वाचले आणि आता महाजालावर उपलब्ध होत आहे, त्यात स्वाभाविकच नामवंतांच्या मुलाखती, नाटके आणि गाणी यांना अग्रक्रम मिळतो. पु. ल. देशपांडे यांचे चित्रण जपले जाईल. राहुरी किंवा श्रीगोंद्याच्या लिंबू उत्पादकाचे दहा मिनिटांचे बोलणे कोण जपणार? प्रस्तुत लेखातील शेतकऱ्याच्या बोलण्याविषयीचे विवेचनही स्मृतीवर आणि वर्गातील विद्यार्थ्यांनी घरच्या वडीलधाऱ्यांकडून आणलेल्या आठवणींवर आधारलेले आहे, ही त्याची मर्यादा नोंदविली पाहिजे. केंद्राच्या दप्तरात कार्यक्रमांच्या नोंदवह्या आणि प्रेक्षकांची पत्रे शिल्लक असतील, तर कोणत्या तालुक्यातील, किती जमिनीचा, कोणत्या पिकाचा माणूस पडद्यावर आला आणि पत्रे कोठून आली हे मोजता येईल. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी तोवर ज्यांनी हा कार्यक्रम पाहिला, आणि विशेषतः ज्यांनी त्यात भाग घेतला, त्यांचे ध्वनिमुद्रण करण्याचे काम हाती घ्यावयास हवे. ती पिढी आता सत्तरीच्या पुढे आहे.