अक्षरांची वास्तू

गेल्या वर्षी शाळेच्या वेरूळ-सहलीसाठी मुलांकडून भित्तिपत्रके करून घेतली. अट एकच : चित्र काढायचे नाही, वास्तू जाणवावी ती नुसत्या अक्षरांतून. परीक्षक मीच होतो, आणि माझा निकाल चुकला असे आज मला वाटते.

पहिले बक्षीस मी ज्या पत्रकाला दिले, त्यात ‘कैलास’ची तीन अक्षरे एकाखाली एक रचून त्यांचे शिखर केले होते : वर निमुळते, खाली रुंद. पाहताक्षणी देऊळ दिसे. परंतु अक्षर असे चित्राच्या वेठीला धरले, की ते वाचण्याची गरजच उरत नाही. शिवाय उभी रचना मानवते ती रोमन लिपीला. जर्मनीत देसाऊ येथे 1926 साली उभ्या राहिलेल्या बाउहाउसच्या इमारतीवर हर्बर्ट बायरने संस्थेचे नाव असेच वरून खाली लिहिले, आणि ते शोभते. रोमन अक्षर आपल्या पायांवर उभे असते. त्याच्या डोक्यावर दुसरे चढवता येते. आपली अक्षरे शिरोरेघेला लटकलेली. ती तोडली की शब्द विस्कटतो.

दुसऱ्या पत्रकात एक जाड शिरोरेघ कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत गेली होती. तिच्यातून ‘कैलास’ खाली उतरला होता आणि भोवती बराच कागद कोरा होता. “जागा फुकट घालवलीस,” असे मी त्या मुलाला म्हणालो.

पुढे सहलीत डोंगरावर चढून कैलास लेणे वरून पाहिले, तेव्हा मी वरमलो. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, कारागिरांनी दगडावर दगड रचला नव्हता. अखंड कातळ वरून खाली कोरीत नेला, नको तेवढा दगड काढला आणि देऊळ उरले. पत्रकातला कोरा कागद म्हणजे तो काढलेला दगड! आणि शिरोरेघेवर राहिलेल्या ‘कै’च्या दोन मात्रा? त्या आमच्यासारख्याच माथ्यावर उभ्या राहून खाली पाहत होत्या.

पत्रक निर्दोष नव्हते. सहलीची तारीख इतकी बारीक, की व्हरांड्यातून वाचता येईना. आणि भित्तिपत्रक वाचता आलेच पाहिजे. परंतु तारीख मोठी करणे पाच मिनिटांचे काम. वास्तूचा आकार न उचलता तिची रीत उचलणे, हे सांगून करून घेता येत नाही. बक्षिसे तर वाटून झाली. त्या मुलापाशी चूक कबूल करणे तेवढे राहिले आहे.