पाकपुस्तकें आणि परसांतील वसंत

मासिकांच्या परीक्षणाच्या पानांत काव्य, नाटक, कादंबरी यांचा सविस्तर परामर्श घेतला जातो. पाकपुस्तकाच्या वांट्यास बहुधा दोन ओळींची पोंच येते. वस्तुतः घरांत सर्वांत अधिक वेळां उघडलें जाणारें पुस्तक तेंच असतें. आज आम्ही या पुस्तकांकडे एकाच बाजूनें पाहणार आहों. वसंतांत परसांत जें कोवळें व ताजें मिळतें, तें शिजविण्याच्या आणि खाण्याच्या सुखास हीं पुस्तकें कितपत न्याय देतात, हा आमचा प्रश्न आहे.

मराठी पाकपुस्तकांची परंपरा लहान नाहीं. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें 'सूपशास्त्र' १८७५ सालीं निघालें. पुढें लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या 'गृहिणीमित्रा'नें हजार पाकक्रिया गृहिणींच्या हातीं दिल्या, आणि १९७० सालीं कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' आली. 'रुचिरे'चें कार्य मोठें आहे. 'अंदाजानें घालावें' या शब्दांनीं जिला धीर येत नव्हता, त्या नवख्या मुलीस कमलाबाईंनीं वाटी व चमचा हें घरांतलेंच माप दिलें. जाणत्या बायकांपासून दूर, नोकरीच्या गांवीं संसार मांडणाऱ्यांस या मापाचा केवढा आधार झाला असेल, हें सांगावयास नको.

परंतु माप 'किती' तें सांगतें; 'केव्हां तोडलेलें' तें सांगत नाहीं. वसंतांतल्या भाजीचें सारें मर्म तर या दुसऱ्या प्रश्नांत आहे. कोंकणांतील फणसाचेंच उदाहरण घ्या. फाल्गुनांत झाडावर असते ती कुयरी. तिच्यांत गरे व आठळ्या अद्याप भरलेल्या नसतात. म्हणून हातांस व विळीस तेल लावून तिची काटेरी साल काढावी, फोडी उकडून ठेचाव्या, आणि मिरचीच्या फोडणीवर परतून वर ओलें खोबरें घालावें. कांहीं आठवड्यांनीं गरा व आठळी निराळी होते. मग तोच फणस दुसऱ्या भाजीचा होतो. तो पिकला म्हणजे कापा कीं बरका, एवढाच प्रश्न उरतो. झाड एक, फळ एक, परंतु वयें तीन आणि पदार्थही तीन. 'फणस, लहान, एक' एवढें लिहून जी कृति पुढें जाते, तिनें मुख्य गोष्ट सांगितलीच नाहीं.

आंबेडाळीची गोष्ट अशीच. 'कैरीचा कीस एक वाटी' हें माप चुकीचें नव्हे, पण तें अपुरें आहे. कोय न धरलेल्या कैरीचा कीस निराळा व भरलेल्या कैरीचा निराळा. रायवळाचा आंबटपणा एक, कलमाचा दुसरा. भिजवून भरड वाटलेल्या हरभऱ्याच्या डाळींत कीस थोडथोडा मिसळावा आणि मध्यें मध्यें जिभेचा सल्ला घ्यावा, हा उपदेश वाटीच्या जोडीस हवा. शेवग्याची अगदीं कोवळी शेंग सोलावी लागत नाहीं. भरलेली तासावी लागते. जून झाली कीं चोथाच चघळावयाचा. भेंडीचा शेंडा कट्कन मोडला तर ती घ्यावी, नुसता वांकला तर सोडून द्यावी. परसांतली भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते, हें जिनें आळ्याला पाणी घातलें आहे तिला कळतें. पुस्तक वाचणारीस तें कोणीं सांगावें?

ही पारख आमच्या भाषेनें पिढ्यान् पिढ्या जपली आहे. कोवळें, जून, निबर, गाभुळलेली चिंच, पाडाला आलेला आंबा, हे सारे शब्द वजनाचे नव्हेत, वयाचे आहेत. ज्या भाषेंत फळाच्या वयास इतकीं नांवें आहेत, तिच्या पाकपुस्तकांतील सामानाची यादी त्या वयाविषयीं मुकी असावी, हें आम्हांस विपरीत वाटतें. शब्द तोंडांतून गेला कीं त्यामागील पारखही हातांतून जाते.

रचनेविषयींही असेंच म्हणावें लागतें. दुर्गाबाई भागवतांनीं १९५६ च्या 'ऋतुचक्रां'त महिन्यामहिन्याच्या सृष्टीकडे पाहावयास शिकविलें. पाकपुस्तकें मात्र सामान्यतः पदार्थांच्या प्रकारांवरून लाविलेलीं असतात. त्यामुळें आंबेडाळ एका प्रकरणांत, पन्हें दुसऱ्यांत व कुयरी तिसऱ्यांत, असा चैत्र विखरून पडतो. घरांत तो असा विखुरलेला नसतो. पाडव्यास कडुनिंबाची कोवळी पालवी, मग चैत्रगौरीच्या हळदीकुंकवास आंबेडाळ आणि पन्हें, असा त्याचा एक क्रम आहे.

यावर कोणी म्हणतील, कीं आतां परस राहिलेंच कोठें? सदनिकेच्या सज्जांत दोन कुंड्या असतात, आणि भाजी बाजारांतून येते. हा आक्षेप खरा आहे. परंतु तो आमच्याच बाजूचा आहे. परस होतें तेव्हां आजी होती. शेंग हातांत घेऊन 'ही नको, ती तोड' असें ती सांगे, तेव्हां पुस्तक गप्प बसलें तरी चालत होतें. आतां तोडणारा हात आणि शिजविणारा हात निराळे झाले आहेत. मध्यें बाजार आहे. अशा वेळीं पारख सांगण्याचें काम पुस्तकानेंच पत्करलें पाहिजे. आजीच्या अंदाजास वाटीचें माप देऊन 'रुचिरे'नें जें कार्य केलें, तेंच कार्य आजीच्या बोटांतल्या पारखेविषयीं कोणी तरी करणें अवश्य आहे.

यासाठीं फार मोठा खटाटोप नको. प्रत्येक भाजीखालीं तिचा महिना, तिचें वय, तें ओळखण्याची खूण, आणि जून निघाल्यास काय करावें, अशा चार ओळी पुरेत. ज्या घरीं दोन कुंड्या आहेत, तेथें त्या ओळी वाचून एखादी भेंडी वेळेवर तोडली जाईल. ज्या घरीं त्याही नाहींत, तेथें निदान बाजारांत शेंडा मोडून पाहिला जाईल. असें पुस्तक कोणी लिहिलें, तर आम्ही दोन ओळींच्या पोंचेवर त्याची बोळवण करणार नाहीं.