नाव न सांगणारी संस्कृती : टोल्कीनच्या खझादांविषयी

अद्भुतरम्य वाङ्मयातील कल्पित लोकसमूहांचा विचार करताना समीक्षेने बहुधा तपशिलाची कसोटी लावली आहे. लेखकाने त्या लोकांना भाषा दिली आहे काय, वंशावळी दिल्या आहेत काय, विधी, अन्न, शस्त्रे, गीते यांची नोंद केली आहे काय, असे प्रश्न विचारले जातात आणि तपशील जितका दाट तितके ते विश्व विश्वसनीय, असा निष्कर्ष काढला जातो. जे. आर. आर. टोल्कीन यांनी १९३९ साली परीकथांविषयी दिलेल्या आणि १९४७ साली विस्ताराने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानात दुय्यम विश्वाच्या आंतरिक सुसंगतीवर भर दिला होता. त्या भूमिकेचाही अर्थ पुष्कळदा याच तपशीलवादाला सोयीचा असा लावला गेला. परंतु टोल्कीन यांच्याच साहित्यात एक लोकसमूह असा आहे, की ज्याच्या संस्कृतीचा गाभा वाचकापासून राखून ठेवलेला आहे. पर्वतांच्या पोटात नगरे कोरून राहणारे हे भूगर्भवासी लोक आपली भाषा परक्याला शिकवीत नाहीत, आणि आपले खरे नाव तर कुणालाच सांगत नाहीत. जी संस्कृती स्वतःला सांगू देत नाही, ती साहित्यात उभी राहते तरी कशी? आणि हे न सांगणे त्या लोकांचे व्रत आहे की लेखकाची पळवाट, हे कसे ठरवावे? प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे.

आरंभीच एक परिभाषेची अडचण नोंदविली पाहिजे. मराठीत या लोकांसाठी सहज सुचणारा शब्द ‘बुटके’ हा आहे. ‘हिमगौरी आणि सात बुटके’ या रूपाने तो आपल्या बालवाङ्मयात रुळलेला आहे. योगायोग असा, की डिस्नेचा त्या कथेवरील चित्रपट आणि टोल्कीन यांची ‘द हॉबिट’ ही कादंबरी ही दोन्ही १९३७ सालची. मात्र ‘बुटके’ या शब्दात मोजमाप दुसऱ्याचे आहे. कुणाच्या तरी उंचीच्या मानाने हे लोक बुटके ठरतात. टोल्कीन यांच्या कथाविश्वात एल्फ लोकांनी त्यांना दिलेले ‘नौग्रिम’ हे नावही नेमके असेच आहे. त्याचा अर्थ ‘खुंटलेले लोक’. ‘पाताळवासी’ म्हणावे तर आपल्या पुराणांतील सप्तपाताळांची रचना मनात येते, आणि यांचे घर काही वेगळा लोक नव्हे. ते याच पृथ्वीवरील डोंगराच्या आत आहे. म्हणून त्यांनी स्वतःला दिलेले ‘खझाद’ हेच नाव येथे योजले आहे. या निवडीचा पुढील विवेचनाशी प्रत्यक्ष संबंध आहे.

खझादांच्या नावांचा इतिहास हा मुळात एका विसंगतीचा इतिहास आहे. ‘द हॉबिट’मधील तेरा प्रवाशांची नावे टोल्कीन यांनी बहुतांशी प्राचीन नॉर्स काव्यातून, ‘व्होलुस्पा’मधील खुज्या कारागिरांच्या नामावळीतून, उचलली. थोरिन, फिली, किली, बोंबूर ही नावे तेथे आहेत. बालिन मात्र त्या नामावळीत नाही. मुलांसाठी लिहिलेल्या त्या कथेत याने काही बिघडत नव्हते. पुढे ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे (१९५४-५५) विश्व विस्तारू लागले, तशी अडचण उभी राहिली. खझादांची स्वतःची खुझ्दुल ही भाषा टोल्कीन यांनी सेमिटिक भाषांच्या धर्तीवर, व्यंजनत्रयीच्या धातूंवर रचली होती. एकवचनी ‘खुझ्द’, अनेकवचनी ‘खझाद’ : व्यंजने तीच, स्वर मात्र बदलतात. मग अशी भाषा बोलणाऱ्यांची नावे नॉर्स कशी?

१९५५ साली तिसऱ्या खंडाला जोडलेल्या भाषाविषयक परिशिष्टात याचे उत्तर येते. हा संपूर्ण ग्रंथ एका प्राचीन हस्तलिखिताचा अनुवाद आहे, अशी टोल्कीन यांची कल्पना आहे. त्यामुळे त्या काळातील सामान्य बोलीच्या जागी इंग्रजी आली, आणि उत्तरेकडील मानवांच्या बोलीच्या जागी नॉर्स. खझाद परक्यांत वावरताना याच उत्तरेकडील मानवी नावांनी ओळखले जातात. त्यांची आतील नावे निराळी आहेत, ती त्यांनी कोणत्याही परक्याला कधी सांगितली नाहीत आणि ती ते थडग्यावरही कोरीत नाहीत.

कोणत्याही शिस्तबद्ध लेखकाने विसंगतीला ठिगळ लावलेच असते. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की ठिगळच वस्त्राचा मुख्य धागा झाले. एका भाषाशास्त्रीय दुरुस्तीतून या लोकांचा स्वभाव, त्यांचा इतिहास आणि त्यांचे दुःख यांचा उलगडा होऊ लागला. बाहेर एक नाव आणि आत एक नाव, ही अवस्था स्वतःचे राज्य गमावून दुसऱ्यांच्या देशांत राहणाऱ्यांची असते. खझाद तसेच आहेत. खझाद-दूम ही त्यांची महानगरी. तेथे मिथ्रिल या धातूच्या शोधात खोल खणताना एका आदिम अग्निराक्षसाला जाग आली, आणि कथाकालगणनेच्या तिसऱ्या युगातील १९८१ साली त्यांना ती नगरी सोडावी लागली. त्यानंतरचा त्यांचा इतिहास निर्वासितांचा आहे.

परिशिष्टातील विधान हे विधानच राहिले असते, तर त्याला वाङ्मयीन मूल्य फारसे नसते. ते कथेत सिद्ध होते बालिनच्या थडग्यापाशी. नगरी पुन्हा वसविण्यासाठी गेलेला बालिन तेथेच मारला गेला. काही वर्षांनी गिम्ली आणि त्याचे सोबती त्या काळोख्या दालनात येतात, तेव्हा शिळेवर दोन भाषांतील लेख आढळतो, खुझ्दुलमध्ये आणि मानवी बोलीत. बालिन, फुंदिनचा पुत्र, नगरीचा अधिपती, एवढाच मजकूर. परंतु या लेखाचे दोन भाग शेजारी ठेवून पाहावेत. खुझ्दुल ओळीत नगरीचे नाव खझाद-दूम असे येते. मानवी ओळीत मोरिया असे. मोरिया म्हणजे काळी गर्ता. हे नाव परक्यांनी नगरीच्या विनाशानंतर दिलेले. म्हणजे आपल्या राजाच्या थडग्यावरही या लोकांनी, परक्या वाचकासाठी, परक्याचेच अवमानकारक नाव कोरले आहे. याउलट मृताचे नाव मात्र दोन्ही ओळींत एकच आहे, बालिन, म्हणजे बाहेरचे. स्थळाला दोन नावे मिळतात, माणसाला एकच, आणि तेही खरे नव्हे. स्वभाषेतील ओळीतही जे नाव लिहिलेले नाही, त्याची जाणीव वाचकाला त्या शिळेवरच होते. तपशील न देता संस्कृती कशी उभी राहते, याचे याहून नेमके उदाहरण टोल्कीन यांच्या साहित्यात क्वचितच सापडेल.

दुसरे उदाहरण याच्या उलट दिशेचे आहे. मोरियातून वाचलेली मंडळी लॉथ्लोरिएनच्या वनात पोहोचतात. तेथील एल्फ अधिपती केलेबॉर्न गिम्लीसमोरच त्याच्या लोकांना दूषण देतो. राक्षसाला त्यांनीच जागे केले, असा त्याचा रोख आहे. त्यावर गॅलाड्रिएल उत्तर देते, आणि उत्तर देताना गिम्लीच्या मायभूमीतील सरोवराचे, झऱ्याचे आणि नगरीचे नाव त्याच्याच भाषेत उच्चारते. गिम्ली मान वर करून पाहतो आणि त्याला शत्रूच्या मनात प्रेम दिसते. या प्रसंगात वैराचा निचरा तीन स्थलनामांनी होतो. युक्तिवाद फारसा होतच नाही. ज्या लोकांनी आपली भाषा कुलूपबंद ठेवली, त्यांच्यासाठी तिचा परक्याच्या तोंडून झालेला आदरपूर्वक उच्चार केवढा मोठा असेल, हे वाचकाला कळते, कारण आधीच्या प्रकरणांत ते कुलूप त्याने पाहिलेले असते.

परंपरा ही यादीने सिद्ध होत नाही, ती प्रसंगाने सिद्ध होते, याचे तिसरे उदाहरण मृतसंस्काराचे. खझाद आपल्या मृतांना दगडातच ठेवतात, मातीत पुरीत नाहीत. हा नियम आपल्याला कळतो तो मोडला जातो तेव्हा. मोरियाच्या पूर्वद्वारापाशी, अझानुलबिझारच्या खोऱ्यात २७९९ साली झालेल्या लढाईत ते जिंकले, पण इतके मेले की सर्वांसाठी दगडी थडगी कोरण्यास वर्षे लागली असती. तेव्हा त्यांनी खोऱ्यातील झाडे तोडून मृतांना अग्नी दिला. ते खोरे त्यानंतर कायमचे उजाड राहिले. शस्त्रे शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून जिवंतांनी मृतांची चिलखते पाठीवर वाहून नेली. पुढे ‘आमचा पूर्वज जाळलेला खझाद होता’ असे सांगणे हा अभिमानाचा विषय झाला. अपवाद प्रतिष्ठेला पोहोचतो आणि नियमाची पवित्रता त्यामुळे अधिकच जाणवते. समाजात परंपरा घडते ती अशीच, आपत्तीच्या हिशेबातून.

आता यातील नाजूक प्रश्नाकडे वळले पाहिजे. डिसेंबर १९५५ मध्ये नेओमी मिचिसन यांना लिहिलेल्या पत्रात टोल्कीन यांनी खझाद आपल्याला ज्यूंसारखे वाटतात, असे म्हटले आहे : जेथे राहतात तेथले आणि तरीही परके, देशाची भाषा बोलणारे, पण स्वतःच्या खाजगी भाषेचा हेल जपणारे. ही तुलना निर्धास्तपणे स्वीकारता येत नाही. जमिनीखालच्या, सोन्याच्या लोभी, कारागीर खुजांची प्रतिमा युरोपीय परंपरेत निष्पाप राहिलेली नाही. वाग्नरच्या ‘रिंग’ नाट्यचतुष्टयातील आल्बेरिख आणि मीमे यांच्यात ज्यूंची विडंबनचित्रे आहेत, असे थिओडोर अडोर्नो यांनी १९५२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या वाग्नरविषयक ग्रंथात म्हटले आहे. ‘द हॉबिट’मध्येही खझादांना हिशेबी, पैशाची जाण असलेले लोक म्हटले आहे, आणि थोरिनचा विनाश खजिन्याच्या मोहातूनच ओढवतो. दुसऱ्या बाजूला, १९३८ साली एका जर्मन प्रकाशनसंस्थेने टोल्कीन यांच्याकडे त्यांच्या आर्यवंशाची विचारणा केली, तेव्हा त्यांनी तिचा तीव्र धिक्कार केला होता, हेही नोंदले पाहिजे. पण लेखकाचा सद्भाव म्हणजे संहितेचा निर्वाळा नव्हे. निर्वाळा द्यावयाचा तर संहितेतूनच दिला पाहिजे.

तो काही प्रमाणात देता येतो. उत्तरकालीन लेखनात खझादांचे सोन्याशी असलेले नाते मागे सरते आणि दगडाशी असलेले नाते पुढे येते. आग्लरोंदच्या लेण्यांचे वर्णन करताना गिम्ली म्हणतो, की आमचे लोक येथे खाण खणणार नाहीत. फुलबागेची निगा राखावी तशी या दगडाची निगा राखतील. ‘द सिल्मरिलियन’मधील (१९७७) उत्पत्तिकथाही याच दिशेने जाते. आउले या शिल्पी देवतेने शिष्यांच्या ओढीने, परवानगीवाचून, सात आदिपुरुष घडविले. सृष्टिकर्त्याने जाब विचारताच त्याने पश्चात्तापाने हातोडा उगारला, तेव्हा ते भयाने मागे सरले. म्हणजे त्यांना आधीच स्वतःचे चैतन्य मिळाले होते. सृष्टिकर्त्याने मग त्यांना दत्तक घेतले. दत्तकाला घर मिळते, पण जन्माचा प्रश्न त्याची पाठ सोडीत नाही. एल्फ लोक म्हणतात की खझाद मेल्यावर पुन्हा दगड होतात. खझादांची श्रद्धा आहे की आपला घडविणारा आपल्याला एकत्र जमवितो. दोन्ही मते संहिता शेजारी ठेवते आणि निवाडा करीत नाही. विडंबनचित्राला स्वतःविषयी मत नसते. खझादांना ते आहे, आणि ते दुसऱ्यांच्या मतापेक्षा वेगळे आहे. हाच येथील निर्णायक फरक होय.

मात्र गुप्ततेचा हाच न्याय स्त्रियांच्या बाबतीत लावता येत नाही. परिशिष्टात गिम्लीच्या हवाल्याने सांगितले जाते, की खझादांत स्त्रिया एक तृतीयांशाहून अधिक नसाव्यात, त्या क्वचितच बाहेर पडतात, आणि प्रवासात वेशाने व आवाजाने पुरुषांहून वेगळ्या ओळखू येत नाहीत. म्हणून मानवांत हे लोक दगडातून उगवतात असा वेडगळ समज पसरला. या साऱ्या इतिहासात नाव असलेली स्त्री एकच, थ्राइनची कन्या आणि फिली-किलींची आई दीस. वरवर पाहता हाही त्याच मौनाचा भाग वाटतो. पण नावाच्या गुप्ततेची किंमत कथेने थडग्यापाशी आणि लॉथ्लोरिएनमध्ये चुकती केली आहे. दीसचे दोन्ही पुत्र आणि भाऊ एकाच युद्धात मरतात, तरीही तिच्या शोकासाठी संहितेत एक वाक्यही नाही. येथे लोकांचे मौन नाही. लेखकाला सुचलेले नाही, आणि त्या न सुचण्यावर संस्कृतीचे पांघरूण घातले आहे. परक्यांच्या अज्ञानाला वेडगळ म्हणणारी संहिता स्वतःच्या अज्ञानाकडे मात्र तशी पाहत नाही.

यातून कल्पित संस्कृतींच्या समीक्षेसाठी एक कसोटी सुचते. सांगितलेल्या तपशिलाचे माप पुरेसे नाही. काय सांगितले नाही, ते न सांगण्याचा अधिकार कुणाचा आहे, आणि त्या न सांगण्याचा भार कथेत कुणी वाहिला आहे, हे पाहिले पाहिजे. बालिनच्या शिळेवर जे नाव नाही, त्याचा भार संपूर्ण ग्रंथ वाहतो. दीसच्या वाट्याला आले आहे ते वंशावळीतील केवळ एक नाव.