नियमसंकर आणि उत्स्फूर्त आख्यान

विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' सादर केले, तेव्हा त्यातील गद्य संवाद लिहिलेले नव्हते. पदे भाव्यांची; ती सूत्रधाराने म्हणावयाची. पद संपले की त्यातील आशय पात्राने आपल्या शब्दांत, त्या क्षणी सुचेल तसा, बोलून दाखवावयाचा. आख्यान पुराणातले, म्हणून त्याचा शेवट सर्वांस ठाऊक. वाटचाल मात्र मोकळी. 'अललडुर्र' अशी आरोळी ठोकीत येणाऱ्या राक्षसांमुळे ह्या नाटकांची पुढे पुष्कळ थट्टा झाली आणि नाट्येतिहासात त्यांना मराठी रंगभूमीच्या बाल्यावस्थेचे स्थान मिळाले. तथापि त्यांच्या मुळाशी असलेले तत्त्व पोरकट नव्हते. सूत्रधार चौकट सांभाळतो, पात्रे त्या चौकटीत बोलतात आणि काय ठरलेले व काय मोकळे ह्याची सीमा प्रेक्षकांस माहीत असते, हे ते तत्त्व होय.

हेच तत्त्व आज इंग्रजीतील एका अगदी वेगळ्या कथाप्रकारात दिसते. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा भूमिकाखेळ १९७४ साली प्रसिद्ध झाला. चारपाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण चालक होऊन अद्भुत जगाचे वर्णन करतो, इतर प्रत्येकी एकेक पात्र धारण करतात आणि कृती संशयास्पद असेल तेथे वीस पैलूंचा फासा टाकून यशापयश ठरवितात. हा खेळ ध्वनिमुद्रित करून पॉडकास्टच्या रूपाने श्रोत्यांपुढे ठेवण्याची प्रथा पुढे पडली. मॅकेलरॉय बंधू व त्यांचे वडील यांचे 'द अ‍ॅडव्हेंचर झोन' (२०१४) आणि २०१५ साली दृश्य प्रक्षेपण म्हणून सुरू झालेले 'क्रिटिकल रोल' ही त्यांतील ठळक उदाहरणे. ह्या मालिकांचे रसिक कथानकाइतकीच नियमांचीही चर्चा करतात. अमुक फासा टाकावयास हवा होता की नाही, चालकाने दिलेला निर्णय नियमास धरून होता की नाही, यावर ते हिरिरीने वाद घालतात. बाहेरच्यास हा कीस वाटतो. परंतु लिखित कथेहून हा प्रकार वेगळा ठरतो तो फाशामुळेच, आणि खेळणाऱ्यांबरोबर ऐकणाऱ्यानेही त्या फाशाचा निर्णय मानण्याचे कबूल केलेले असते.

ह्या वादांत दोन खेळपद्धती एकत्र करण्याचा, म्हणजे नियमसंकराचा, प्रश्न वारंवार येतो. संकराने कथेची शिस्त बिघडते असा एक पक्ष; कथेला जे हवे ते कोठूनही घ्यावे असा दुसरा. दोन्ही पक्ष 'संकर' ह्या एकाच शब्दाखाली निरनिराळ्या गोष्टी घालतात, हा ह्या चर्चेतील मुख्य घोटाळा होय.

पहिली गोष्ट कलमाची. 'क्रिटिकल रोल'चा मेळा प्रक्षेपणापूर्वी घरी खेळत असे तो 'पाथफाइंडर' ह्या पद्धतीने. प्रक्षेपणासाठी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ची पाचवी आवृत्ती स्वीकारली गेली. पण पर्सी हे बंदूकधारी पात्र जुन्या पद्धतीतले, आणि नव्या नियमांत त्याच्यासाठी तयार वर्ग नव्हता. चालक मॅथ्यू मर्सर यांनी तो वर्ग नव्याने रचला. फासा फार खाली पडला तर बंदूक अडते, हा त्यातील नियम. येथे एकच अवयव दुसऱ्या देहात बसविला गेला व बाकीचा देह तसाच राहिला. मराठीत अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० च्या 'शाकुंतला'त असेच केले होते. पद म्हणण्याचा अधिकार त्यांनी सूत्रधाराकडून काढून पात्राकडे दिला. बदल एकाच कलमाचा, परंतु त्याने संगीत नाटक उभे राहिले.

दुसरी गोष्ट सांध्याची, आणि ती अधिक अवघड आहे. 'द अ‍ॅडव्हेंचर झोन'च्या 'ईथरसी' ह्या २०२१ साली सुरू झालेल्या पर्वात आरंभीचे भाग एव्हरी अ‍ॅल्डर यांच्या 'द क्वाएट इयर' ह्या खेळाच्या आधाराने रचलेले आहेत. त्या खेळात चालक नाही. पत्ता उचलावा, त्यावरील प्रश्नास उत्तर द्यावे, सर्वांनी मिळून नकाशा काढावा. अशा रीतीने समुद्रतळीची एक वसाहत श्रोत्यांच्या कानांदेखत वसली. त्यानंतर मुख्य कथा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या नियमांनी सुरू झाली. सांधा स्पष्ट आहे, त्यामुळे कोणाची फसवणूक होत नाही. तरीही काहीतरी हरवते. पहिल्या भागात जग सर्वांच्या मालकीचे असते. दुसऱ्यात ते चालकाच्या स्वाधीन होते, आणि ज्या वसाहतीच्या जन्मात श्रोता गुंतला ती आता साहसांची पार्श्वभूमी होऊन बसते. दोष मिश्रणाचा नव्हे. पहिल्या पद्धतीत जे कमावले त्याचे चलन दुसऱ्या पद्धतीत कोणत्या दराने चालेल, हे पुरते ठरविले गेले नाही.

कोल्हापूरहून फोंड्याचा किंवा करूळचा घाट उतरून गेले की जत्रांच्या दिवसांत जो दशावतार पाहावयास मिळतो, त्यात असाच सांधा शतकानुशतके सांभाळलेला आहे. पूर्वरंगात गणपती, सरस्वती, ब्रह्मदेव येतात. काळ्या वेषातला, लाल जीभ लोंबणारा संकासुर वेद पळवितो, मालवणीत प्रेक्षकांची टर उडवितो आणि विष्णूच्या हातून मरतो. उत्तररंगात पौराणिक आख्यान लागते; भाषा बदलते, गांभीर्य येते. संवाद दोहोंकडे उत्स्फूर्तच. पण पूर्वरंगात देवतांचे आवाहन झालेले असते, आणि त्यामुळे रंगलेला नट उत्तररंगात देव किंवा दैत्य म्हणून ग्राह्य ठरतो. म्हणजे पहिल्या भागाची कमाई दुसऱ्यात खर्ची पडते. अलीकडे पूर्वरंग आटोपता घेण्याकडे कल दिसतो. त्याने वेळ वाचतो. हे चलन मात्र घटते.

तिसरी गोष्ट खऱ्या अर्थाने संकर. एकाच क्षणी, एकाच प्रश्नावर, दोन नियम हक्क सांगतात. 'मॉन्स्टर ऑफ द वीक' ह्या पद्धतीत दोन साधे फासे टाकतात; बेरीज दहा किंवा अधिक झाल्यास पूर्ण यश, सात ते नऊ झाल्यास यश मिळते पण त्याची किंमत मोजावी लागते. 'द अ‍ॅडव्हेंचर झोन'चे 'अ‍ॅम्नेस्टी' हे पर्व ह्या पद्धतीचे, आणि तेथे ही किंमत न्याय्य वाटते. कारण ती आधीच कबूल आहे. हीच सवय चालकाने वीस पैलूंच्या खेळात आणली, फासा 'यश' म्हणत असताना वर एक संकट लादले, की श्रोता कुरकुरतो. ही कुरकुर कथेच्या विरुद्ध नाही. फासा काय बोलला हेच आता कळेनासे झाले, अशी ती तक्रार आहे, आणि ती रास्त आहे.

दशावतारातील 'ट्रिकसीन'चा वाद ह्याच जातीचा मानावा लागतो. कथेत दैत्याचे मरण ठरलेले. पण वादात तो देवास निरुत्तर करू शकतो, आणि जाणत्या प्रेक्षकाचे लक्ष त्या शब्दयुद्धाकडे असते. पखवाज, पायपेटी व झांज ह्यांच्या साथीने चढत गेलेला संवाद कोठे तुटावा ह्याचा निर्णय नटाच्या वाणीने व्हावयाचा. तेथे यंत्राने धूर, प्रकाश आणि अधांतरी उडणारे शिर आणले की तोच निर्णय यंत्र देऊ लागते. ट्रिकसीनने प्रेक्षक ओढला, मंडळ्या जगविल्या, हे नाकारण्याचे कारण नाही. प्रवेशाच्या आरंभी चमत्कार घडवून नंतर रंगमंच नटाच्या हाती सोडणारे प्रयोग टिकतातही. वाणी आणि यंत्र एकाच क्षणावर आदळतात तेव्हा मात्र हरते ती वाणी.

संकराविषयी रसिक इतके कडवे का होतात, हे समजण्यास ८ जुलै १९२१ चे 'संयुक्त मानापमान' उपयोगी पडते. टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत झालेल्या त्या प्रयोगात कोल्हापूरचे केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी होते. चालींत मोठा वाटा गोविंदराव टेंबे यांचा, तेही कोल्हापूरच्याच मातीतले. संहिता एक, पदे तीच. पण ललितकलादर्श आणि गंधर्व नाटक मंडळी ह्यांची गायनाची रीत निराळी, आणि पद किती व कसे फुलवावे ह्याला लिखित नियम नाही. प्रेक्षक पक्ष घेऊन आले, हे स्वाभाविक होते. प्रत्येकास आपल्या मंडळीची रीत हाच नियम वाटत होता. पुढे तीन महिन्यांच्या आतच केशवरावांचे निधन झाले, आणि त्या रात्री कोणी काय केले ह्याविषयी आठवणीखेरीज पुरावा राहिला नाही.

पॉडकास्टचे अभ्यासमूल्य येथे आहे. भाव्यांच्या नटांचे गद्य हवेत विरले. पर्सीची बंदूक कोणत्या क्षणी अडली हे मात्र कोणीही पुन्हा ऐकून तपासू शकतो. दशावताराचेही प्रयोग आता ध्वनिचित्रमुद्रित होऊन सर्वत्र पाहावयास मिळतात, त्यामुळे एकच आख्यान दोन मंडळ्या कसे बोलतात ह्याची तुलना शक्य झाली आहे. निरनिराळ्या मंडळ्यांतील नट एकत्र येऊन करतात त्या 'संयुक्त दशावतारा'च्या बाबतीत ही तुलना विशेष फलदायी ठरावी. कारण तेथे दोन रीतींचा सांधा त्याच रात्री बांधला जातो. पण तो बांधला जातो रंगपटात, तोंडाला रंग लागत असताना, चार वाक्यांत. भूमिकाखेळातील मंडळी नियमाचा वाद ध्वनिक्षेपकासमोरच घालतात. दशावताराचे मुद्रण पडदा सरल्यावर सुरू होते.