तांगे यांचा वंशावळीकोश आणि 'ऊर्फ' नावांचा प्रश्न

उत्तर अमेरिकेतील पूर्वीच्या फ्रेंच वसाहतीत, म्हणजे आजच्या क्वेबेक परिसरात, पूर्वजांचा शोध घेणाऱ्या अभ्यासकाला धर्मोपदेशक सिप्रियें तांगे यांच्या वंशावळीकोशाची दखल घ्यावीच लागते. १८७१ ते १८९० या काळात सात खंडांत प्रसिद्ध झालेला हा कोश प्रामुख्याने चर्चमधील बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदवह्यांवर आधारलेला आहे. त्यामागील परिश्रम निर्विवाद आहेत. तथापि प्रत्येक कुळाला एकच स्थिर आडनाव असते व ते पित्याकडून पुत्राकडे जाते, या गृहीतकावर त्याची मांडणी उभी आहे. हे गृहीतकच तपासून पाहणे आवश्यक ठरते.

नोंदवह्यांत दिसणारे वास्तव निराळे आहे. तेथे आडनावापुढे 'दि' हा शब्द व त्यानंतर दुसरे नाव वारंवार येते. 'दि' म्हणजे 'म्हटलेला'. मराठीतील 'ऊर्फ' हा त्याचा जवळचा पर्याय होय. ही प्रथा बऱ्याच अंशी लष्करातून आली. १६६५ साली आलेल्या कारिन्यां-सालिएर पलटणीतील सुमारे ४०० सैनिक वसाहतीत स्थायिक झाले. फ्रेंच सैनिकांत लाफ्लर (फूल), सां-सूसी (निश्चिंत), लाजनेस (तारुण्य) अशी टोपणनावे रूढ होती आणि ती मुलाबाळांकडेही गेली. 'उदों दि बोल्यो' या कुळाचे काही वंशज पुढे उदों झाले, तर काही बोल्यो. एकाच माणसाचा बाप्तिस्मा एका नावाने व विवाह दुसऱ्या नावाने नोंदलेला आढळणे मुळीच दुर्मीळ नाही. अशा स्थितीत वर्णानुक्रमाने लावलेला कोश सख्ख्या भावांच्या वंशजांनाही परस्परांपासून दूर नेऊन ठेवतो. तांगे यांना याची जाणीव नव्हती असे नाही. सातव्या खंडाच्या अखेरीस त्यांनी नावांचे पर्याय व टोपणनावे यांची यादी जोडली आहे. परंतु मुळातील अडचणीवर शेवटी यादी जोडणे हा उपाय नव्हे.

पुढे न्यू इंग्लंडमध्ये स्थलांतर केलेल्या कुटुंबांत तर 'बुआव्हेर'चे 'ग्रीनवुड' झाले. नावाचे असे भाषांतर झाल्यावर कोणताही वर्णानुक्रम अपुराच पडणार.

स्त्रियांच्या बाबतीत कोशाची रचना अधिक खटकते. वसाहतीच्या दप्तरात विवाहित स्त्रीची नोंद सामान्यतः तिच्या जन्मनावानेच होत असे. मातृवंशाचा माग काढण्यास याहून अनुकूल साधन क्वचितच मिळेल. तांगे यांनी मात्र विवाहाची नोंद पतीच्या आडनावाखाली घातली. १६६३ ते १६७३ या दशकात राजाच्या खर्चाने आलेल्या सुमारे ८०० तरुणींपैकी एखादीचा संसार शोधायचा, तर आधी तिचा पती ठाऊक असावा लागतो. १९६६ साली माँत्रेयाल विद्यापीठात सुरू झालेल्या लोकसंख्या-इतिहास प्रकल्पाने व्यक्ती हाच नोंदीचा घटक मानल्याने ही उणीव बरीचशी दूर झाली.

परंतु ज्यांना आडनावच नव्हते त्यांचे काय? मार्सेल त्रुदेल यांनी या वसाहतीतील ४,००० हून अधिक गुलामांचा मागोवा घेतला असून त्यांत बहुसंख्य मूळनिवासी होते. अनेकांची नोंद केवळ बाप्तिस्म्याच्या नावाने झालेली आहे. माँत्रेयालला आग लावल्याच्या आरोपावरून १७३४ साली फाशी गेलेली मारी-जोसेफ आंजेलिक हिचे संपूर्ण नाव एवढेच. त्रुदेल यांच्या १९९० सालच्या कोशाच्या शीर्षकात गुलामांबरोबर त्यांच्या मालकांचाही उल्लेख येतो, तो याच अपरिहार्यतेतून. आंजेलिकसारख्यांपर्यंत पोहोचण्यासाठी अभ्यासकाच्या हाती बहुधा मालकाचेच आडनाव असते.